गोळा गोल नसतो

नारळ पाण्यावर तरंगतो. गोळ्याचं हे लाकूड दगडासारखं तळाला जातं.

टाचेच्या चपला, बकऱ्या आणि निवडणूक मैदानाबाहेर ठेवावी, अशी क्लबची पाटी.

लेथला आधी तेल पाजायचं, मग आपण चहा प्यायचा. थंडीत तर नक्कीच.

डावं पाऊल पुढं. गुडघा वाकवा. आधी श्वास सोडा, मग गोळा. दोन्ही एकदम सोडले की दोन्ही वाया.

लग्नात अंतरपाट डाव्या अंगाला दोन बोटं खाली होता.

साखरेच्या हाराला मुंग्या नेमक्या कुठून येतात हे कुणालाच माहीत नसतं.

"काय हाय रं पिशवीत? तोफेचे गोळे?" असं एस.टी.च्या कंडक्टरनं विचारलं होतं, आणि कृष्णातनं खरंखुरं उत्तर दिलं होतं, "सासऱ्यांचे."

"गोळा गोल नसतो, जावईबापू."

हे शेवटचं वाक्य आत्ता, या घडीला, सुभेदार मेजर नाथाजींच्या तोंडून बाहेर पडलं, आणि त्यासरशी कृष्णातच्या डोक्यातली बाकीची वाक्यं आपापली जागा सोडून उभी राहिली. संक्रांतीची सकाळ होती. साताऱ्याच्या कॅम्पातलं बोलिंग क्लबचं मैदान दवानं पांढुरकं दिसत होतं, आणि त्या पांढुरक्या गवतावर पावलांच्या हिरव्या रेघा उमटल्या होत्या. एका कडेला सतरंजीवर क्लबातल्या बायका सुगडं मांडून बसल्या होत्या. दुसऱ्या कडेला सांगलीहून आलेला संघ कानाला मफलर बांधून चहा पीत होता. मधे कृष्णात. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणून बायकांनी त्याच्या गळ्यात हलव्याचा हार घातला होता आणि हातात हलवा चिकटवलेला नारळ दिला होता, आणि हा नारळ खाली ठेवायचा असतो की धरून राहायचा असतो हे विचारायचं राहून गेलं होतं. तो धरून राहिला होता. सासरे नवख्यांना खेळ समजावून सांगत होते. सांगलीच्या जाफरशेठच्या पिशवीतला एक गोळा उचलून त्यांनी तो सगळ्यांसमोर फिरवला. काळा, गुळगुळीत, मोठ्या मोसंबीपेक्षा जरा मोठा. "हितं हात लावा. ह्यो गाल जरा चपटा असतो. डोळ्याला कळत न्हाई, पर गोळ्याला कळतं. जोर हाय तवर नीट जातो, जोर सपत आला की चपट्या अंगाला कलतो. म्हणून नेम पांढऱ्या गोळीवर धरायचाच न्हाई. चार हात बाहेर धरायचा. जिथं पोचायचंय तिकडं बघायचं न्हाई. गोळा आपसूक वळून तिच्या कुशीत जाऊन बसतो. ह्या वळणात तर समदा खेळ हाय." मग त्यांनी तो गोळा कृष्णातच्या रिकाम्या हातात दिला. कृष्णातनं गाल चाचपला. चपटा होता. केसभर. केसभरच चपटा होता.

केसभर म्हणजे किती, हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कृष्णातपेक्षा चांगलं कुणाला माहीत नव्हतं. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो फोरमन होता. पंपाचे शाफ्ट करायचे, आणि शाफ्ट केसभर जरी वाकडा असला तरी पंप दोन महिन्यांत खडखड करून जीव सोडतो. तो शाफ्ट हातावर तोलायचा, डोळ्यासमोर धरायचा, आणि म्हणायचा, "पोटात गेलाय," म्हणजे मधे वाकलाय. माणसं हसायची. मग मोजायची. मग हसायची थांबायची. हा डोळा त्याला शेडबाहेर काढून ठेवता येत नव्हता. तो दुसऱ्यांच्या घरी गेला की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचा. शालूला बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी घेण्याआधी त्यानं बैठकीतला सासऱ्यांचा लष्करी फोटो सरळ केला होता, आणि नाथाजींना तो तेवढ्यावरच पसंत पडला होता. लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, पलीकडे शालू उभी होती, आणि तो कापडाच्या वरच्या कडेकडे बघत होता. शेवटी न राहवून त्यानं मामेभावाला खुणावलं, "डाव्या अंगानं वर घे." मामेभावाला वाटलं नवरा घाईला आलाय. त्यानं अंतरपाट एकदम वर घेतला, भटजींचं एक कडवं राहिलं, वाजंत्री वाजली. शालू अजून ते सांगते.

दिवाळसणाला तो साताऱ्याला आला तेव्हा मैदानावर गुडघाभर गवत होतं. पावसाळ्यात हे मैदान चिखल असतं, उन्हाळ्यात राख. खेळायचं ते फक्त हिवाळ्यात, आणि हिवाळा अजून लागायचा होता. क्लबच्या शेडच्या पत्र्यावर खडूनं कार्यक्रम मात्र लिहून झाला होता: दर रविवारी खेळ, मार्गशीर्षात हुरडा, संक्रांतीला सांगलीशी सामना व महिलांचे तिळगूळ, रथसप्तमीनंतर गवतास विश्रांती. नाथाजींनी कपाटातून कॅनव्हासची पिशवी काढली. आत चार गोळे, जुन्या मोज्यांत गुंडाळलेले. "गोरा साहेब जाताना देऊन गेला. तवापास्नं दुसऱ्या गोळ्यानं खेळलो न्हाई म्या. पालिश गेलंय. कुपवाडला न्या, जरा चमक आणा, संक्रांतीला लागत्यात. जपून, जावईबापू. लय मिजास हाय त्यांची." एवढंच. बाकी काही सांगितलं नाही. का सांगतील? रोज खाणारा माणूस भाकरी तोंडात घालायची असते असं सांगतो का कुणाला?

शेडमध्ये त्यानं पहिला गोळा लोखंडी सपाट पाट्यावर ठेवला आणि बोटानं ढकलला. गोळा थोडा सरळ गेला, मग पाय घसरल्यासारखा डावीकडे कलला. दुसरा तसाच. तिसरा. चौथा. बिचारा म्हातारा. इतकी वर्षं झिजलेल्या, वाकड्या गोळ्यांनी खेळतोय, आणि कुणाला सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी त्यानं शेड उघडली. गोळ्याला चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचं तर लाकडाच्या दोन वाट्या करून त्यात बसवायचं, नाहीतर चकाचे दात उठतात. त्यानं वाट्या केल्या. दोन्ही गालांवरच्या हस्तिदंती चकत्या, एक मोठी, एक लहान, अलगद काढून ठेवल्या. मग लेथ चालू करून तो इतका हळू तासत गेला की भुसा न पडता धूर पडावा. मोजत गेला. सगळीकडून सारखे. इकडून सारखे, तिकडून सारखे. चकत्या परत बसवल्या, पॉलिश केलं, आणि गोळा पाट्यावर सोडला. तो गेला. सरळ. पाट्याच्या टोकापर्यंत, काही न मागता, सरळ. जन्मात एवढं सुंदर काम आपल्या हातून झालं नाही असं त्याला वाटलं. शालू संक्रांतीसाठी पुढं माहेरी निघाली तेव्हा तिच्याबरोबर पिशवी पाठवली. "मामांना म्हणावं, नव्यागत झाल्यात."

नव्यागत. कृष्णातनं जाफरशेठचा चपटा गोळा परत दिला. मानेवर काहीतरी चाललं. मुंगी.

"कळलं का?" नाथाजी म्हणाले.

"व्हय, मामा."

"काय कळलं?"

"गोळा गोल नसतो."

"हां!" नाथाजींनी जाफरशेठकडं बघून मान हलवली. "हुशार हाय गडी."

सामना सुरू झाला. पांढरी छोटी गोळी मैदानाच्या पल्याडच्या टोकाला लोळत गेली आणि थांबली. तिच्याजवळ ज्याचा गोळा जाईल त्याचा गुण. पहिला मान यजमानांचा. नाथाजी रबरी चटईवर उभे राहिले, टोपी काढून भाऊसोंकडं दिली. भाऊसो म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, कोरेगावच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर, आणि मेजरांच्या टोपीचे कायमचे धनी. नाथाजी वाकले. वयाच्या मानानं काय वाकले! गुडघा, पाठ, हात, सगळं एका रेषेत. बाहेरच्या बाजूला धोंडुबाईची पितळी कळशी ठेवलेली असे. गवताला पाणी घालणारी धोंडुबाई ती मुद्दाम तिथं ठेवायची, कारण मेजरांचा नेम तिच्यावर असायचा. गोळा सुटला. कृष्णातनं डोळे मिटले नाहीत. शाफ्ट तुटताना बघायची त्याला सवय होती. गोळा कळशीच्या रोखानं गेला. आता वळेल. सगळ्यांच्या माना आतल्या बाजूला वळल्या, सवयीनं, गोळ्याच्या आधी. गोळा वळला नाही. तो जसा निघाला तसाच गेला, आणि पांढरीपासून चार हात बाहेर, वरातीतून चुकून दुसऱ्या गल्लीत शिरलेल्या माणसासारखा एकटाच उभा राहिला. काय सरळ गेला होता! कृष्णातला क्षणभर, फक्त क्षणभर, आनंद झाला. मग लाज वाटली.

"दव," भाऊसो म्हणाले. "दव लय पडलंय आज."

"दवानं गोळा वळत न्हाई व्हय?" धोंडुबाई कडेनं म्हणाली.

"खालनं वारं हाय."

"आवं, वाऱ्यानं पदर हलंना, आन् गोळा हलतुय?"

"मग गवत उलटं कापलंय तू!"

"माज्या गवताला बोलायचं काम न्हाई. गवत हाय तिथंच हाय."

नाथाजी पुढच्या गोळ्याकडं वळले होते. कृष्णातला हेच खटकलं. गोळा असा वागल्यावर माणसानं चमकावं, गोळ्याकडं बघावं, निदान खाकरावं. नाथाजींनी फक्त दुसरा गोळा उचलला, पुसला, आणि म्हणाले, "नेम बदलायचा नसतो. चूक नेमात नसते, हातात असते." हे ते नवख्यांना सांगत होते. दुसरा गोळाही कळशीकडंच गेला आणि पहिल्याला जाऊन टेकला. दोघं शेजारी बसले, गप्पा मारत असल्यासारखे. मग जाफरशेठ पुढं आले. त्यांचं सांगलीत बांगड्यांचं दुकान. इतक्या बायकांच्या हातात इतक्या वर्षांत बांगड्या चढवल्या, कुणाला कळ लागू दिली नाही, असा तो हात. त्यांचा गोळा बाहेर गेला, दमला, वळला, आणि पांढरीच्या कुशीत जाऊन बसला. "माशाल्ला," जाफरशेठ स्वतःलाच म्हणाले, आणि लगेच मेजरांकडं बघून ओशाळले.

अर्जुनाची सायकल. कृष्णातला अर्जुनाची सायकल आठवली आणि ती आठवू नये म्हणून तो नारळाकडं बघत राहिला. अर्जुना शेडमधला हेल्पर, आटपाडीकडचा. त्याच्या सायकलचं हँडल उजवीकडं मुरडलेलं होतं, कधीचं कोण जाणे. तो त्या हँडलनं रोज मिरजेपासून कुपवाडला यायचा, मागं बायकोला बसवून जत्रेला जायचा, एकदा तर कॅरिअरवर शिलाई मशीन आणलं होतं. कृष्णातला ते हँडल बघवेना. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानं पाना लावून ते सरळ करून टाकलं. सरप्राइज. संध्याकाळी अर्जुना शीळ घालत सायकलवर बसला, पायडल मारलं, आणि सगळ्या शेडच्या देखत सरळ गटारात गेला. सरळही नाही, उजवीकडं वळून. कारण त्याचे हात इतक्या वर्षांत वाकडे शिकले होते. त्याला गटारातून काढला तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, माझ्या हाताला काय झालं?" सायकलकडं त्यानं बघितलंही नव्हतं. हाताकडं बघत होता. तेव्हा सगळे हसले, कृष्णातही. आता इथं गळ्यात साखरेचा हार घालून तो उभा होता आणि त्याला ते हात दिसत होते, चिखलानं भरलेले, तळवे वर.

गेल्या पावसाळ्यात नाथाजींच्या उजव्या हाताला काही दिवस मुंग्या आल्या होत्या. शालूनं सांगितलं होतं. चहाची बशी हातातून निसटली, शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वय झालं, मेजर. मग हात बरा झाला. म्हणजे बरा झाला असं नाथाजी म्हणाले. त्यांची बायको कधीच गेलेली, मुलगी आता सांगलीला. हिवाळ्यातलं हे मैदान, हे गोळे आणि हा हात. एवढंच त्यांचं रोजचं घर. हे कृष्णातनं कधी शब्दांत मांडलं नव्हतं. शाफ्ट हातावर तोलताच कळावं तसं ते त्याला आत्ता कळलं, आणि त्याच वेळी नाथाजींनी तिसरा गोळा डाव्या अंगानं, दुसऱ्या बाजूनं टाकून बघितला. तो त्या बाजूला सरळ गेला. सरळ म्हणजे सतरंजीकडं. बायका पदर सावरत उठल्या, गोळा सुगडांच्या रांगेत शिरला, एक सुगड फुटलं, गहू आणि बोरं हिरवळीवर पसरली. "इडा गेली, पिडा गेली," कुणीतरी घाईनं म्हणालं. "हलव्यात पडला असता तर?" दुसरी म्हणाली. शालू काळी चंद्रकळा नेसून गळ्यात हलव्याची चिंचपेटी घालून बसली होती. तिनं गोळा उचलला, पदरानं पुसला, आणि नवऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. काम नासल्यावर शेडमध्ये मालक बघायचा, तसंच. तिला माहीत नव्हतं. पण काहीतरी माहीत करून घ्यायला हवं हे तिला माहीत झालं होतं.

असेच काही डाव गेले. सांगलीचे गुण वाढत गेले आणि सांगलीची माणसं कानकोंडी होत गेली. पाहुणे म्हणून येऊन यजमानाला असं धुऊन काढणं बरं दिसत नाही. मग एक डाव आला, त्यात जाफरशेठचा गोळा पांढरीपासून बराच अलीकडं थांबला. पुढचाही. तिसरा तर चटईवरून निघाला आणि नमाजाला बसावा तसा मधेच बसला.

नाथाजी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "जाफरभाई."

"जी, मेजरसाब."

"मुद्दाम हुकताय."

"कसली बात! संक्रांत हाय, मेजरसाब. आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं."

"बोलायचं गड्या, बोलायचं. गोड खेळायचं कुणी सांगितलं?"

जाफरशेठनी मान खाली घातली. कुणी हसलं नाही. नाथाजींनी भाऊसोंकडून टोपी मागून घेतली आणि डोक्यावर घातली. खेळ चालू असताना त्यांनी टोपी घातलेली कुणी पाहिली नव्हती. "हात गेलाय," ते म्हणाले. वारं पडलं असं म्हणावं तितक्याच सपाट आवाजात. "मला म्हाईत हाय. उगा दव, वारं, गवत. लोकांनी म्हाताऱ्याची कीव करून खेळायचं, त्यापरीस म्या कडेला बसून तिळगूळ वाटतो. भाऊसो, चटई जावयाला द्या. आजपास्नं साताऱ्याकडनं ते खेळतील."

इथं नारळ खाली पडला. हलवा सगळीकडं उडाला. पुढं काय करायचं ते कृष्णातनं ठरवलं नाही. नाथाजी सतरंजीच्या दिशेनं चालू लागले होते आणि त्यांची पाठ, मघाशी एका रेषेत वाकणारी पाठ, केसभर वाकडी झाली होती, पोटात गेली होती, आणि हे त्याच्या डोळ्याला सहन होणं शक्यच नव्हतं.

"मामा, हात न्हाई गेला. गोळे गेल्यात."

नाथाजी थांबले.

"म्या तासले. कुपवाडला. मला वाटलं झिजल्यात. चारी गोल केले. आता वळत न्हाईत त्ये. कुणीबी टाकलं तरी वळायचे न्हाईत."

आता शिव्या येतील. सुभेदार मेजराच्या शिव्या कशा असतात हे त्यानं ऐकलं होतं, पंजाबीत सुरू होतात आणि मराठीत संपतात. पण नाथाजी परत आले, त्याच्यासमोर उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवला. हार चुरचुरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "लय मोठं मन हाय तुमचं. पर माझ्यासाठी खोटं बोलू नगा."

"खोटं न्हाई, मामा!"

"शालीनं शिकवलं व्हय?"

"आबा, म्या एक अक्षर बोलली न्हाई," शालू म्हणाली.

"कृष्णातराव," भाऊसो गहिवरून म्हणाले, "असा जावई आमाला न्हाई मिळाला."

खरं बोलल्यावर माणसं रागावतात एवढंच कृष्णातला ठाऊक होतं. खरं बोलल्यावर कौतुक होतं तेव्हा काय करायचं? मोजून दाखवायचं. तो शेडमध्ये नेहमी तेच करायचा. त्यानं नाथाजींचा गोळा उचलला, चटईवर उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाला, "बघा आता. नेम थेट पांढरीवर धरतो. तुमी म्हणताय तसा गोळा असंल तर आत वळंल. बघा." हे सांगताना हार पुढं लोंबत होता, तो त्यानं दातात धरला. गुडघा वाकवला. श्वास सोडला, मग गोळा. गोळा निघाला, गवतावर दवाची एक काळी, आखल्यासारखी रेघ काढत गेला, आणि पांढरीला टक् करून टेकला.

टाळ्या. नुसत्या टाळ्या नाहीत, सांगलीच्या माणसांनी मफलर उडवले. "वाह! क्या बात!" जाफरशेठ धावत आले. "पहिल्याच गोळ्याला! मेजरसाब, रक्तातच हाय!" "कुणाच्या रक्तात?" धोंडुबाई म्हणाली. "जावई हाय त्यो." नाथाजींचा चेहरा उजळला होता. दुःखी आणि उजळलेला, लेकीला सासरी पाठवताना असतो तसा. "बघा. म्या म्हनलं न्हवतं? हात हाय तुमाला. चटई बरुबर जागी गेली." कृष्णात चटईवर उभा राहून ओरडत होता, आवं पण सरळ गेला, सरळ, बघितलं का कुणी, आणि तोंडात हार असल्यामुळं ते कुणाला कळत नव्हतं. हार काढला तेव्हा सगळे त्याची पाठ थोपटत होते. त्याला वाटलं, या मैदानावर आता खरं कधीच सिद्ध होणार नाही. जितका गोळा सरळ जाईल तितकं त्याचं कौतुक होईल आणि तितका हा म्हातारा खचेल. हे गणित कुठल्या मायक्रोमीटरनं मोजायचं?

तेव्हा शालू उठली. तिनं चपला मघाशीच काढल्या होत्या. ती चंद्रकळेच्या निऱ्या धरून ओल्या गवतावरून चालत गेली आणि जिथं धोंडुबाईची कळशी होती तिथं, कळशीच्या पुढ्यात, उभी राहिली. "मावशी," ती म्हणाली, "तुमी त्या अंगाला बसा." धोंडुबाईनं कारण विचारलं नाही. ती डाव्या बाजूला जाऊन मांडी घालून बसली, पदर खोचून, आता गोळा आला तर परत जाईल अशी.

"आबा," शालूनं हाक मारली. "टाका आता."

"बाजूला हो, पोरी."

"न्हाई. तुमचा नेम माझ्या पायावर हाय. टाकायचा तर टाका. न्हाईतर मधी टाका."

"मधी? थेट?" नाथाजींचा आवाज चढला. आज पहिल्यांदाच चढला, आणि कृष्णातला बरं वाटलं. "थेट टाकाय ह्यो काय मंडईतला कांदा हाय? जलमात थेट टाकला न्हाई म्या!"

"म्हणून म्हणते. यकदा."

"मेजरसाब," जाफरशेठ दोन्ही बाजूंना बघत हळूच म्हणाले, "वेढा पडला. मधनंच निघाय पायजे."

नाथाजींनी टोपी काढली. भाऊसोंकडं न देता खिशात कोंबली. चटईवर आले. उजवीकडं बघितलं, लेक. डावीकडं बघितलं, धोंडुबाई. मग, ज्या ठिकाणी पोचायचं तिकडं बघायचं नाही असं इतक्या लोकांना शिकवणारा माणूस, पांढऱ्या गोळीकडं बघायला लागला. अवघडून. परक्या बाईकडं बघावं तसा. हात मागं गेला. कृष्णातला त्या हातात कंप दिसतो का हे बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. हात पुढं आला. गोळा हातातून सुटला असं वाटलंच नाही, गवतानं तो मागून घेतल्यासारखा वाटला, आणि तो गेला, कृष्णातच्या गोळ्याच्या रेघेवरून, तीच रेघ आणखी काळी करत, आणि पांढरीला इतक्या हळू लागला की टक् आवाज आलाच नाही. फक्त पांढरी जराशी हलली.

"वळला!" भाऊसो ओरडले. "काय वळला!"

"गप रं," नाथाजी म्हणाले. "सरळ गेला."

त्यांनी दुसरा गोळा घेतला. कुणी सांगितलं नाही तरी थेट टाकला. तोही गेला. तिसरा गेला. तीन काळे गोळे पांढरीभोवती हुरड्याच्या शेकोटीला बसल्यासारखे बसले. कृष्णातनं मघाशी टाकलेला चौथा. नाथाजींनी आपला उजवा हात समोर धरला, तळवा वर, आणि त्याच्याकडं बघत राहिले. बोटं मिटली, उघडली. खूप दिवस गावाला गेलेलं माणूस दारात उभं राहिल्यावर घरातलं माणूस आधी काहीच बोलत नाही, नुसतं बघतं, तसे ते हाताकडं बघत होते. मग त्यांनी नाक शिंकरलं.

"तासले तुमी," ते कृष्णातला म्हणाले.

"व्हय, मामा."

"किती?"

"केसभर."

"चारी?"

"चारी."

"सायबाचे."

मुंग्या आता कॉलरच्या आत पोचल्या होत्या आणि कृष्णातला हलायचं धाडस होत नव्हतं. शालू जागेवरून हलली नव्हती. नाथाजींनी एकदा त्या चार गोळ्यांकडं बघितलं, एकदा जावयाकडं, एकदा कडेला ठेवलेल्या सांगलीकरांच्या पिशव्यांकडं. त्यांच्या मिशीच्या एका टोकाला काहीतरी हललं. ते जाफरशेठच्या खांद्यावर हात टाकून प्रेमानं म्हणाले:

"जाफरभाई, तुमचे गोळे लय मळल्यात गड्या. आमच्या जावयाकडं द्या की पालिशला. लय ब्येस काम हाय त्यांचं."

जाफरशेठनी पिशवी उचलून पोटाशी धरली.

शालू गोळे घेऊन माहेरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत, नाथाजी रोज पहाटे एकटेच मैदानावर येऊन खेळत होते, आणि गोळा वळला नाही की गोळ्याकडं न बघता आपल्या हाताकडं बघत होते.